दोन इंच

अंबडच्या शेडमध्ये जीप चार घोड्यांवर उभी,
चाकं काढलेली,
अ‍ॅक्सल लोंबतोय कवळी काढलेल्या जबड्यासारखा.

डॉक्टर दोंदेबाईंची जीप. गुरांच्या डॉक्टर.
हरसूलच्या पुढे पाड्यावर जाताना
एकच दगड दर फेरीला डिफरन्शियलला धडकतो.
"ओळख झालीय आमची," म्हणाल्या,
"आता जरा त्याच्या वरून जायचंय."

दोन इंच उंची. एवढंच मागितलं त्यांनी.
कटिंग चहाच्या ग्लासाइतकी नाही भरत ती.

यू-बोल्टवर सव्वीस वर्षांचा गंज.
रात्रभर डिझेल पाजलं,
सकाळी पान्याला पाइप लावून मी आणि सुदाम लटकलो,
तर नट राहिला, बोल्टच गेला.
जाऊ दे. नवे आणलेच होते.
नवे पाटे, लांब शॅकल, नवे बुश,
सगळं वरच आवळून टाकलं, कच्चून, एका दमात,
आणि संध्याकाळी गाडी खाली घेतली.

ती उभी राहिली
कुंपणापलीकडचं बघायला टाचा उंचावलेल्या पोरीसारखी.
सुदामने फोटो काढला.
मी मनातल्या मनात बिल लिहून मोकळा.

मग त्र्यंबक रोड.
पन्नासपर्यंत काही नाही.
पंचावन्नला आरशातला मागचा ट्रक थरथरला,
साठला सीटखालून गुणगुण,
पासष्टला माझेच दात वाजले.
अंजनेरीच्या अलीकडे स्टेअरिंग हातात होतं
पण गाडी तिच्या मनाने चालली होती,
आणि प्रत्येक खड्ड्यात
जुन्या खाटेसारखी कुरकुर.

चाकं बॅलन्स केली. तसंच.
प्रोपेलरचा जॉइंट बदलला. तसंच.
तिसऱ्या दिवशी सुदाम म्हणाला, लिंबू-मिरची बांधू?
मी म्हणालो, उखामामांना आण.

उखाजी गांगुर्डे. सातपूरला लाइनवर एकतीस वर्षं
हेच अ‍ॅक्सल बसवलेला माणूस.
लुनावरून आले, चहा नको म्हणाले,
पोतं अंथरून खाली सरकले.
बराच वेळ नुसत्या चपला दिसत होत्या.

"बोल्ट कुठं आवळलेस? घोड्यावर?"
"हो."
"म्हणजे लोंबकळत होती तेव्हा गाठ मारलीस.
आता उभी राहिली की बुश पिळवटतोय.
सोड सगळे. खाली घे. वजन येऊ दे तिच्यावर,
चार धक्के दे, बसू दे. मग आवळ."

पुन्हा थोडं थांबून, आतूनच:
"आणि एकटी उंची वाढत नसते बाबा.
उचललीस की सगळे कोन हलतात.
मागं पाचर घाल, पिनियन वर बघू दे.
पुढं पण घाल, नाहीतर चाक सरळ यायचं विसरतं.
अन् हा ब्रेकचा पाइप बघ,
वाळत टाकलेल्या साडीच्या दोरीइतका ताणलाय.
हा आधी बदल. बाकी आवाज मागाहून."

बाहेर येताना चेसिसवरचा नंबर
अंगठ्याने पुसला त्यांनी, काजळी गेली,
चष्मा वर करून वाचला.
आमची शिफ्ट असेल, एवढंच पुटपुटले.
पैशांचं नावही काढू दिलं नाही.

पाचरी बसवल्या. पाइप बदलला.
बोल्ट आवळले, या वेळी जमिनीवर,
गाडीत मागे वाळूची पोती ठेवून.
साठला गुणगुण नाही. सत्तरलाही नाही.
अंजनेरीपाशी स्टेअरिंग सोडलं क्षणभर,
गाडी सरळ.

आठवड्याने बाईंचा फोन.
"दगड मागे राहिला हो! नुसता बघत बसला.
फक्त एक झालंय.
आजारी शेळ्या आता गाडीत चढत नाहीत.
उचलून घ्याव्या लागतात.
काही करता येईल का?"

कोपऱ्यात जुने पाटे पडलेत.
त्यातल्या एकाचा हातभर तुकडा कापलाय पायरीसाठी.
त्या पोलादावर वेल्डिंग धरत नाही, बोल्टनेच बसवायची.
ड्रिलचे दोन बिट मोडले,
तिसरं आणायला सुदाम द्वारकेला गेलाय.