गाल फुगवा

गोळीबार चौकाच्या मागे, दुसऱ्या गल्लीत
माझं दुकान: एक खुर्ची, एक बाक,
आणि खसचा वास मारत खडखडणारा कूलर.
चाळीस वर्षं मी चेहरे बोटांनी वाचतो.
कोण सुनेशी भांडून आलाय,
कोणाची दाढ दुखते,
गालच सांगतो.

मे महिना. सकाळीच रस्ता तापलेला.
हेडाऊबाबा खुर्चीत. जन्म मागावर गेला,
पाय अजून खाली पावडी शोधतात.
रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या
तेव्हा बोलत होते नीट,
तांदळाचा भाव, मग जावई,
मग पुन्हा तांदळाचा भाव.
उजवा गाल झाला.
नेहमीसारखं म्हटलं, "बाबा, गाल फुगवा."

उजवा फुगला.
डावा नाही.
ओठाच्या कोपऱ्यातून, फेसात,
एक बुडबुडा आला आणि फुटला.

वस्तरा हवेतच राहिला.
"बाबा, हसा बरं." अर्धंच हसले.
"दोन्ही हात वर करा." एकच आला.
दुसरा चादरीखाली
निजलेल्या मांजरासारखा.
"माझं नाव घ्या."
रोज मनिराम म्हणणाऱ्या तोंडातून
नुसता ओला म, पुढे काही नाही.

बाकावरचे उठले.
"ऊन लागलं ना बाप्पा! काल भरदुपारी इतवारीत फिरून राहिले होते."
"पन्हं आणा." "कांदा हुंगवा."
"घरी निजवा, उतरते दुपारपर्यंत."
"तू काहून घाबरवून राहिला बे?"

आमच्याकडे मे महिन्यात
सगळ्या दुखण्यांचं नाव ऊन.
माझ्या बापालाही ऊनच लागलं होतं.
आम्ही संध्याकाळपर्यंत निजवला त्याला.
मग अकरा वर्षं खाटेवर त्याची दाढी केली,
डावा गाल अंगठ्यानं ताणून.
तोच गाल आज पुन्हा बोटाला लागला.

"ऊन नव्हे, लकवा आहे. पाण्याचा थेंब देऊ नका,
घशात अडकेल."
एकशे आठची गाडी लांब होती,
अफसरचा ऑटो दारात.
मेयोपर्यंत मी त्यांची मान धरून,
गरम वाऱ्यात त्यांच्या अर्ध्या तोंडावरचा फेस
वाळत, पापुद्रे उडत.

डॉक्टरीणबाई पोरसवदा. तिनं एकच विचारलं,
"शेवटचे नीट कधी होते?"
मागून आलेला मुलगा म्हणाला, सकाळी.
सून म्हणाली, चहा घेतला तेव्हा.
मी म्हटलं, "सात वाजून पाच. बातम्या चालू होत्या.
सात दहाला बुडबुडा."
न्हाव्याचं बोलणं म्हणजे गप्पा,
कोणी लिहून घेत नाही.
तिनं लिहून घेतलं.
मग डोक्याचा फोटो, मग सुई,
गुठळी विरघळवायची.
साडेचार तासांच्या आत आणलंत म्हणून, म्हणाली,
आणि पळाली दुसऱ्या खाटेकडे.

महिन्यानं बाबा आले, नातवाचा खांदा धरून.
डाव्या हातात सुतळीचा तुकडा,
गाठ मारतात, सोडतात,
सुटत नाही तेव्हा दातानं.
"अर्धीच केली होतीस," जड जिभेनं म्हणाले,
"पैसे अर्धेच देईन."

फेस लावला.
"बाबा, गाल फुगवा."
उजवा लगेच.
डावा थोडा उशिरा.
मी थांबतो.