घड्याळाची जागा

वादी कबीर. इथे कबीर म्हणजे नुसता 'मोठा'.
मोठा ओढा, पाणी नसलेला,
आणि काठाने गॅरेजांची रांग.
तिसऱ्या गाळ्यात मी, वायरिंगवाला.

गाडी एका बाईंची. शहात्तरची डॅटसन,
पिकत आलेल्या खजुराच्या रंगाची.
स्टिअरिंगच्या उजव्या हाताला एक गोल काळी चकती.
महाग मॉडेलला तिथे घड्याळ यायचं.
स्वस्ताला एवढंच :
जागा आहे, म्हणून झाकलेली.

मौझा बिंत सालिम, निवृत्त सुईण,
हॉस्पिटलातल्या नर्सांकडून उचललेल्या हिंदीत म्हणाल्या,
"इतकी वर्षं ही चकती माझ्याकडे बघतेय.
आता बसव."

घड्याळ मिळालं शारजाच्या भंगारात,
चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं.
मदतीचा पोरगा चित्तगावचा, तो हळहळला,
"याच वेळी ठोकली असेल गाडी."
नाही रे, म्हटलं. ठोकर खाऊन घड्याळ थांबत नाही.
नंतर कधीतरी कुणी शांतपणे बॅटरी काढून नेतं,
तेव्हा थांबतं.

मागचं झाकण काढलं. पॉइंट जळलेले.
काडेपेटीच्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळून घासले.
शिवणयंत्राच्या तेलाचा अर्धा थेंब, सुईच्या टोकाने.
मग वायर. नवशिके चुकतात ते इथे.
वायपर, पंखा, रेडिओ, सगळे चावीचे नोकर,
चावी काढली की आडवे.
घड्याळाला थेट बॅटरीची वायर लागते,
कायम जिवंत.
गाडी उभी, काचा वर, आत भट्टी,
आणि हे एकटं थेंब थेंब पीत जागं.
दर दोन मिनिटांनी पोटातून खट्‌ :
स्वतःच स्वतःला चावी देतं.

चालू झालं. माझ्या मनगटावर सव्वासहा.
मी घरचीच वेळ ठेवतो, दीड तास पुढची.
आमचे साताऱ्याचे फोरमन जगताप
म्हणून मला दीडशहाणा म्हणतात.
तेव्हा भिंतीकडे बघून लावले : पावणेपाच.

बाई आत बसल्या. चष्मा चढवला.
घुंडी ओढली आणि फिरवतच राहिल्या,
पार पावणेअकरापर्यंत.

मला वाटलं, नजर गेली बिचारीची.
तोंड उघडणार, तोच म्हणाल्या,
"झंझिबारचे आहेत. जन्म तिथला.
आमच्याकडे सूर्य उगवून तास झाला की एक वाजतो.
तुमचा दिवस मध्यरात्री सुरू होतो म्हणे.
त्या वेळी उठून बघतं कोण,
सुईण सोडली तर?"

हसलो. आणि हसता हसता दाभोळची खाडी.
बाबा तर चालवायचे. होडीत घड्याळ कसलं?
दिवस कासराभर वर आला की पहिली खेप.
अष्टमीला भांग, पुनवेला उधाण,
बाकी हिशेब वल्ह्याला कळायचा.
एसटी तेवढी चुकायची,
एसटीला भरती कळत नसे.

पुन्हा डॅशबोर्डकडे पाहिलं.
मिनिटकाटा होता तिथेच होता.
तासकाटा तेवढा समोरच्या तीरावर.

बिल नऊ रियाल. बाईंनी दहा दिले,
"एकाचा चहा पी," म्हणाल्या, आणि निघाल्या
मत्राहच्या चढाने, पावणेअकराच्या उन्हात.

जॉब कार्डावर शेवटचा रकाना :
गाडी दिली, वेळ.
पेन अडलं.
आतून जगताप ओरडले,
"अरे पाच लिही की लेका, त्यात काय!"
लिहिले पाच.

काळी चकती माझ्याकडेच राहिली.
चहाच्या ग्लासावर बरोबर बसते.
वाळू उडते तेव्हा बरी पडते.