बेचाळीस पावलं

मस्कतच्या या हॉटेलात दोन खोल्यांच्या मधे
बेचाळीस पावलांचा गालिचा आहे.
मोजलाय मी. झाडतोही मीच.
या खोलीतले त्या खोलीतल्यांचं तोंड बघत नाहीत.
हमूद अल-रियामी कागद घेऊन जातो,
कागद घेऊन येतो,
वाटेत माझ्याकडे बघून भुवई उडवतो.
मी हर्णैचा, आडनाव मुकादम.
त्यांच्या फौजेत हा हुद्दा असतो म्हणे,
म्हणून तो मला गमतीनं सलाम ठोकतो.

पहिल्या खेपेचे साहेब सभ्य होते.
एका स्वल्पविरामावर त्यांनी तीन रात्री काढल्या.
दोन वाजता लिंबू-सोडा घेऊन गेलो
तर साडेतीन टक्के की पाच, यावर घासाघीस.
मला वाटलं व्याजाचं चाललंय.

मग तिकडे निवडणूक झाली.
आम्हाला एवढंच कळलं : बुकिंग रद्द.
नावाच्या पाट्या खोक्यात भरल्या,
सहीसाठी मागवलेली बारा पेनं, टोपणंही न काढलेली,
तळघरात, फुटक्या झुंबराशेजारी.

चार वर्षांनी नवे आले.
गोल टेबल नको, लांब आणा, म्हणाले.
आधीच्यांनी कबूल केलेलं आम्हाला बांधील नाही, म्हणाले,
आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं.
दुसऱ्याच रात्री येऊन अडकले
त्याच स्वल्पविरामावर.
टक्के तेवढे साठावर गेले होते.

पलीकडच्या खोलीतही माणसं बदललेली.
एक म्हातारा मात्र तोच, खोकलाही तोच.
चहा ठेवताना विचारलं त्यानं,
"मुकादम, मुलगी तिसरीत होती ना?"
"आठवीत आहे, साहेब."
तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
चहा निवला.

खिडकीबाहेर समुद्र.
आम्ही पितो ते पाणी याच समुद्राचं, मीठ काढलेलं.
दोन्ही खोल्यांतले जग मी त्यानंच भरतो.
रात्री घरी रुमाना नळ उघडा टाकते
तेव्हा ओरडतो तिच्यावर, उगाच, नको तितकं.

काल पुन्हा फोन आला. आता तिसरे येणार.
यादीत म्हाताऱ्याचं नाव नाही.
पेनं वर आणून झटकून पाहिली,
सात चालतात.
हमूदचा गुडघा धरलाय यंदा.
तालमीला गालिच्यावरून चालून दाखवलं त्यानं,
मी मागून मोजत होतो :
सत्तेचाळीस.