दोन घड्याळं

लिफ्ट दोनशे आठ मीटर खाली जाते.
कानांना दडे बसतात, मग सुटतात,
आणि दार सरकलं की आधी हेच कळतं
की इथे हवा हलत नाही.
मिठाच्या भिंती, करड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या,
छत इतकं उंच की दिवा लाजतो.
वडिलांनी इथलं मीठ फोडलं.
मी शनिवारी खुर्ची टाकून बसतो
आणि विमानांचा वेळ मोजतो.

विमान म्हणजे बाल्साच्या चार काड्या,
त्यांवर पापुद्रा असा की नजर घसरावी,
पोटाशी पिळलेलं रबर.
सगळं मिळून सव्वा ग्रॅम.
शिंक आली तर आम्ही पाठ फिरवून
बाहीत तोंड खुपसतो.
पंखा फिरतो सावकाश, फेरे मोजता येतील इतका,
आणि ते वर चढतं,
विसरलेलं नाव आपसूक आठवत जावं तसं.

स्मारांदा पहिल्यांदाच आली. वय तेरा.
बाप बस चालवतो, पण जमिनीखाली यायला घाबरतो,
तो वरच थांबला.
बुटांच्या खोक्यात विमान,
पंखांना ब्रेडच्या पिशवीचं कातडं.
काट्यावर ठेवलं. तिनं श्वास रोखला.
सहा शतांश ग्रॅम कमी.
नियम म्हणजे नियम, मी म्हणालो,
आणि खिशातून मेणाची गोळी काढली.

पामफिल माझा मेहुणा, अकरा वर्षांचा विजेता.
त्याचंही भरलं एक शतांश कमी.
"एक शतांश! मिठाची धूळ बसली तरी पुरेल!"
मग बसू दे, म्हणालो,
तोवर हे घे. तीच गोळी, उरलेली.

तिसऱ्या फेरीत दोघांची विमानं एकाच वेळी वर.
अकराव्या मिनिटाला, छताजवळ,
त्याचा पंख तिच्या शेपटीला लागला.
आवाज झाला नाही. इथे होतच नाही.
त्याचं डळमळलं, सावरलं, फिरत राहिलं.
तिचं एका कुशीवर
खाली, खाली, खाली आलं.

तिनं ते उचललं, खोक्यात ठेवलं,
आणि विचारलं, "संपलं ना माझं?"

नियमावलीचं नववं पान:
टक्कर झाली तर पुन्हा उडवता येतं,
पण दोन मिनिटांत मागावं लागतं.
ते तिला वाचून दाखवा, असं कुठेच लिहिलेलं नाही.
ज्यांना ठाऊक होतं ते छताकडे बघत होते.
माझ्या डाव्या हातातलं घड्याळ चालू होतं,
उजव्या हातातलंही.

मलाही कुणी सांगितलं नव्हतं.
माझं पहिलं वर्ष, हीच खाण, हेच पान.
नंतर सहा वर्षं मी इकडे फिरकलो नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
इथे तर आम्ही ते श्वासातून घेतो.

"नाही संपलं," मी म्हणालो. "माग."
"काय मागू?"
"पुन्हा एकदा."
"पुन्हा एकदा," ती म्हणाली, प्रश्नासारखं,
आणि मी ते उत्तर म्हणून लिहून घेतलं.

शेपटी जोडताना दिवा धरला पामफिलनं.
कुरकुरत धरला, पण हलू दिला नाही.

बारा जणांत ती नववी आली.
पामफिलच्या दोन घड्याळांची सरासरी काढली,
वरचा अर्धा सेकंद नियमानं गळाला,
बरोबरी झाली, आणि दुसऱ्या उड्डाणावर
हंगेरीचे म्हातारे बेर्तालान पुढे सरकले.
रविवारी साफ्ता, माझी बहीण,
सूप वाढताना माझ्याशी बोलली नाही.
पामफिल बोलला: सूप अळणी आहे.

पण ते रविवारचं.
शनिवारी लिफ्टच्या दारात
स्मारांदा खोकं छातीशी धरून उभी होती.
तिनं नखानं मेण उकरलं, तळहातावर धरलं,
"हे परत द्यायचं असतं का?"

ठेव, म्हणालो.
पुढच्या वेळी लागेल.