कोरी बाजू

क्लॅरेन्स टिझर्ड अजून पहाटे साडेचारला उठतो.
मंत्र्यांचा फोन यायचा त्या वेळी.
आता बंदरावरून नुसतं धुकं येतं
आणि त्याला निवेदन नको असतं.

नऊ वर्षं मंत्र्यांकडे, मग सतरा कागद गिरणीत.
पगार दुप्पट, शब्द तेच.
'चुकलो' असं त्यानं कधी लिहिलं नाही.
'चूक झाली' लिहिलं,
जशी संध्याकाळ होते,
जसा कुणाला ताप येतो.

गिरणी बंद झाली त्या रात्री
'कामावरून काढले' खोडून
त्यानं 'नव्या वाटांसाठी मोकळे' केलं.
दोनशे बारा माणसं, एका वाक्यात.
मुख्यालयातून उत्तर आलं: सुरेख.
ते त्यानं जपून ठेवलंय, खरं तर.

काल दुकानात, बटाट्यांपाशी, व्हेरा पेनी भेटली.
"तुझं पत्रक अजून आहे हं आमच्या फ्रिजवर."
त्यानं घसा साफ केला.
अशा प्रश्नांची उत्तरं त्याला तोंडपाठ,
पण हा प्रश्नच नव्हता.
"मागची बाजू कोरी होती ना," ती म्हणाली,
"गसनं तिच्यावर काकवीच्या पावाची कृती लिहिली.
घरी बसल्यावर शिकला होता.
त्याच्या हातचं तेवढंच राहिलंय."
मग तिनं बटाटे तोलले.

घरी येऊन त्यानं फाईल काढली,
आपली प्रत उलटी करून
खिडकीशी धरली.
पुढची अक्षरं मागून दिसत होती, उलटी.
गिरणीचाच कागद,
इतका पातळ.