अर्धी अनामिका

ढोकीच्या टपरीवर, रात्री तीन वाजता,
चहाचा ग्लास हातात घेतला
आणि तो पोळला नाही.
टपरीवाला म्हणाला, जपून सर, उकळता हाय.
मला वाटलं, थंडी असेल.
मार्चात कसली थंडी.

सव्वातीनशे किलोमीटर झाले होते.
लातूर, नांदेड, परत लातूर, आता येडशी गाठून मागे.
सत्तावीस तासांत चारशे, आणि मिळणार काय,
तर पितळी पदक.
बायको म्हणते, तेवढ्या पितळेत एक पळीसुद्धा होत नाही.

रस्ता तळहातातून वर येत होता.
खडी, भेग, पुलाचा सांधा,
उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेले चर,
सगळं रात्रभर आदळत राहिलं
करंगळीच्या बुडाशी, चिमूटभर जागेवर.
आधी मुंग्या आल्या.
हात झटकला की मुंग्या जातात,
हे लहानपणापासून ठाऊक.
मुंग्या गेल्या.
जाताना घर घेऊन गेल्या.

सोमवारी साडेसहाची बॅच.
समाकलनाचं चिन्ह अर्ध्यात आलं नि खडू निसटला.
दुसऱ्यांदा निसटला तेव्हा
पहिल्या बाकावरची भाग्यश्री कलबुर्गे
हसली नाही.
तेच जास्त लागलं.

डॉक्टर बिराजदारांनी माझ्याच केसपेपरची कड
अंगठा आणि तर्जनीत धरायला लावली.
मी ओढतो, म्हणाले, सोडू नका.
मी सोडला नाही.
कागद गेला.
मग टाचणी फिरवली.
करंगळी: काही नाही.
अनामिका, करंगळीकडची बाजू: काही नाही.
अनामिका, मधल्या बोटाकडची: टोचतं.
एकाच बोटाच्या मधोमध रेघ.
आधीच तिला नाव नाही,
त्यात अर्धीच आपली.

आजोबा सांगायचे, येडशीपुढे हद्द होती.
अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजांची बार्शी.
कुणाचा गोठा या राज्यात, विहीर त्या राज्यात.
नाक्यावर गठुडं सोडून दाखवायचं,
मीठ किती, कापड किती.
ती रेघ सतरा सप्टेंबरला पुसली, असं शाळेत शिकलो.
माझ्या बोटावर नाका अजून बसलेला आहे.

मज्जातंतू महिन्याला इंचभर वाढतो,
डॉक्टर म्हणाले. वाढला तर.
मी घरी येऊन पट्टी लावली.
तळव्याच्या उंचवट्यापासून करंगळीच्या टोकापर्यंत
पाच इंच, थोडं वर.
म्हणजे ऑगस्ट.
तीस वर्षं गणित शिकवतोय,
त्या 'तर'ची किंमत काढता येत नाही.

गंजगोलाईमागे खाजाभाईचं दुकान.
त्याने मला सायकलवर बसवलं, लांबून पाहिलं.
सर, तुम्ही सीटवर नाही, हातावर बसताव.
हँडल दोन बोटं वर घेऊ.
त्याच्या एका हातात पाना, दुसऱ्यात नट,
मोजायला बोटं मोकळी नव्हती.
मी माझी दिली,
करंगळी आणि तिची शेजारीण,
नळीला आडवी टेकवून.
लोखंड उन्हात तापलेलं होतं म्हणे.
माप बरोबर आलं.

पदक पोस्टाने आलं. पाकीट भाग्यश्रीने फोडून दिलं.

आता औशाच्या रस्त्याने दहाच किलोमीटर,
तळवे टेकवायचे नाहीत, दर पाच मिनिटांनी पकड बदलायची,
म्हाताऱ्यासारखं ताठ बसायचं.
मागून येणारे टेम्पो हॉर्न देतात,
मी एका हाताने जा म्हणतो.
कोणती बोटं हलली ते बघून घेतो.

काल रात्री जेवताना
डाव्या करंगळीच्या कडेला एक मुंगी आली.
घास तसाच धरून बसलो, हात झटकला नाही.
बायको म्हणाली, काय झालं?
पाहिलं तर खरीच मुंगी होती,
गुळाच्या डब्याकडे निघालेली.
पण ती आहे, हे मला
आधी बोटाने सांगितलं होतं.
निदान मला तसं वाटलं.