न गेलेल्या गाळाचा हिशेब

अर्जात एक रकाना आहे :
प्रकल्पामुळे पाण्यात झालेली सुधारणा, टक्क्यांत लिहा.
रकाना दीड इंचाचा.
त्यात मला उद्यमनगरामागची आमची गल्ली बसवायची आहे,
दोनशे दहा पावलांचा चर,
चरातली खडी, वाळू, कर्दळीचे त्रेचाळीस कंद
आणि वाळा, जो इर्शाद बागवानच्या आईनं
कुणालाही न विचारता मधेच लावला.

सर आली की मी बाटल्या घेऊन धावते.
एकतीस वर्षं शाळेत रसायन शिकवलं,
आता पोरं पत्र्याखालून ओरडतात,
"बाई, आज कितवी बाटली?"
पहिली चराच्या तोंडाशी :
लेथच्या तेलाचा तवंग, कटावर असतो तसा,
फौंड्रीची काळी वाळू, पुड्या, म्हशीचं शेण.
दुसरी चर संपतो तिथं,
पुढं नाला, नाल्यापुढं पंचगंगा.

उभ्या नळीच्या तळाला काळी फुली काढलीय.
पाणी ओतत जायचं, वरून बघत,
फुली बुडाली की थांबायचं.
तोंडाशी : सहा सेंटिमीटर.
शेवटाला : एकोणीस.
तालमीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.
मी नाही.

कारण गेल्या वर्षी धो धो होता, यंदा भुरभुर.
कारण सिद्राम लोहाराचं वर्कशॉप जूनपासून बंद आहे,
आणि त्याचं न आलेलं तेल
कर्दळीच्या खात्यावर कसं जमा करू?
कारण ऑगस्टातल्या सगळ्यात मोठ्या सरीत
पाणी चरावरून उडी मारून गेलं म्हणतात,
आणि मी होते इचलकरंजीला, बहिणीच्या बारशाच्या जेवणात.
ती सर वहीत कोरी ओळ आहे.

जिनेंद्र उपाध्ये, तालमीचे खजिनदार, म्हणाले,
"साठ टक्के लिवा की बाई. कोण बघतंय?"
मी म्हटलं, वीस ते साठ.
"दोन आकडे बसायचे न्हाईत त्यात."

दिवाळीआधी चर उपसला.
सव्वीस घमेली निघाली,
हारुण मुल्लाच्या भंगाराच्या काट्यावर
चारशे बारा किलो, ओलं.
त्यातलं एक किलो जुन्या तव्यावर मी रात्री वाळवलं,
घरभर वास, शेजारणीनं खिडकी आपटली,
उरलं सहाशे ग्रॅम.
म्हणजे कोरडं दोनशे सत्तेचाळीस.
पहिल्यांदाच काहीतरी हातात धरता आलं,
जे नदीत गेलं नाही.
इर्शादची आई ढिगाकडं बघत राहिली.
"एवढं समदं आपुन पाठवत हुतो व्हय?"

ढीग चराच्या कडेलाच ठेवला होता,
ट्रॅक्टर सकाळी येणार होता.
पहाटे परतीचा पाऊस आला.

सकाळी पुन्हा काट्यावर नेला :
एकवीस घमेली.
कुणी काही बोललं नाही.
सोहम फावडं धुवायला चरापर्यंत गेला, थांबला,
आणि बादली मागायला परत आला.

रकान्यात मी लिहिलं : कृ. मा. प.
पान उलटलं,
वर तारीख घातली,
आणि वजाबाकीपासून सुरुवात केली.
बाटल्या अजून धुवायच्या आहेत.